पिन काढलेली गाडी

धम्मपाल ओव्हाळ तापट माणूस आहे, हे त्याची बायकोसुद्धा लपवत नाही. पण स्टिअरिंगवर बसला की तोच माणूस गार. तळवड्याच्या चौकात गाड्या खिळून राहोत, रिक्षावाला आरसा घासून जावो, उलट्या बाजूनं टेम्पो अंगावर येवो, हा हॉर्नला बोट लावायचा नाही. दिवसभर गिळलेला राग तो चिखलीच्या आपल्या दोन खोल्यांत आणायचा आणि तिथं टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडून मोकळा व्हायचा. आम्रपाली म्हणायची, साहेबांना गार ड्रायव्हर मिळतो आणि माझ्या नशिबी गरम नवरा.

अशा माणसाला चाकणच्या गेटवर, शिफ्ट बदलताना, सगळ्यांदेखत पेट्रोलचोर म्हटलं गेलं. खरं काय ते ठाऊक असलेला दुसरा एकच माणूस तिथं होता, आणि तो मागच्या सीटवर एसीत बसून मोबाइल चाळत होता. आता हे सांगताना आवाज चढला तर चढू द्या. सगळंच काय गोड आवाजात सांगायचं?

आधी त्याच्या बापाचं सांगायला हवं. धोंडीबा ओव्हाळ पिंपरीच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. शिफ्ट सुटली की गेटवर झडती. पितळेचा चुरा कुणी खिशातून नेऊ नये म्हणून हात वर करून उभं राहायचं आणि वॉचमन कमरेपासून घोट्यापर्यंत चाचपून बघायचा. झडती सगळ्यांचीच व्हायची, पण काहींची जरा जास्त वेळ व्हायची, आणि ते काही जण कोण, हे त्या वस्तीत कुणाला विचारावं लागत नव्हतं. धोंडीबांनी त्याबद्दल घरी कधी तोंड उघडलं नाही. पोरगा मोठा झाल्यावर एवढंच म्हणाले, वाटेल ते काम कर, पण जिथं रोज हात वर करावे लागतात तिथं जाऊ नको.

म्हणून धम्मपाल कारखान्यात गेला नाही. टेम्पोवर क्लीनर झाला, मग टेम्पो चालवला, मग कामगारांची बस, आणि तिथून यशवंतरावांची गाडी. यशवंतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ सयाजी यांचा चाकणला सायलेन्सर बनवायचा कारखाना. भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी वेल्डिंग करत सुरुवात केली होती, ही गोष्ट खरी आणि तिचं कौतुकही करायला हवं. पुढे धाकटे साहेब शॉपवर राहिले आणि थोरले साहेब मीटिंगांना जाऊ लागले. या मीटिंगांना नेणारा-आणणारा धम्मपाल. साहेबांच्या आईला डायलिसिसला त्यानं नेलं, उचलून जिना चढवला. साहेबांच्या मुलीला परीक्षेला सोडलं. साहेब गाडीत कुणाशी काय बोलतात ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. नोकरीच तशी असते.

आता पेट्रोलचं. चाकणच्या पट्ट्यात साहेबलोकांच्या गाड्या चालवणाऱ्यांत काही जण पंपावर जमवून घेतात, हे उघड गुपित आहे. पावती टाकी भरल्याची, पेट्रोल त्याहून कमी, मधला फरक पंपावरचा पोरगा आणि ड्रायव्हर वाटून घेणार. सगळे नाही करत, पण करणारे आहेत. धम्मपालनं हे कधीच केलं नाही. गेटसमोर सोजरबाईच्या चहाच्या टपरीवर बसणारे बाकीचे ड्रायव्हर त्याला यावरून छेडायचे. अरे राव, तुला काय साहेब वारसदार करणार आहे का, म्हणायचे. तो हसून सोडून द्यायचा. साधुत्व वगैरे काही नव्हतं हो त्यात. कुणी आपल्याला हात वर करायला सांगू नये, एवढंच त्याला हवं होतं.

मग ती गाडी आली. पेट्रोलवरही चालणारी आणि पिन लावून चार्जही होणारी. घ्यायच्या आधी दोघा भावांत याच विषयावर जुन्या गाडीतच जुंपली होती, त्यामुळे धम्मपालनं ते सगळं ऐकलं. सयाजीरावांचं म्हणणं साफ होतं. पन्नास-साठ लाख ओतायचे आणि हातात काय, तर ना धड पेट्रोलची ना धड बॅटरीची. एवढ्यात दोन चांगल्या गाड्या येतात, नाहीतर एक नवं मशीन येतं. घ्यायचीच तर सरळ बॅटरीची घे. थोरल्यांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. ताथवड्याचं घर ते चाकणचा कारखाना, जाऊन येऊन सगळं बॅटरीवर होईल, पेट्रोलचा थेंब लागणार नाही. आणि कोल्हापूर-बेळगावला जायची वेळ आली तर चार्जर शोधत हिंडायला नको, पेट्रोल आहेच. वर्षभरात बघ पेट्रोलचा खर्च कुठं येतो ते, असं त्यांनी छातीठोक सांगितलं. सयाजीराव फक्त "बघू" म्हणाले. त्या "बघू"नं थोरल्या साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, हे धम्मपालला आरशात दिसलं.

आणि खरं सांगायचं तर गाडी उत्तम होती. साहेबांच्या टॉवरच्या तळघरात, त्यांच्या पार्किंगच्या खांबाला चार्जिंगचा डबा बसवला होता, त्याला साहेबांच्या घरच्या मीटरवरून लाइन होती. संध्याकाळी गाडी लावली की धम्मपाल डिकीतून केबल काढायचा, पिन खोचायचा, हिरवा दिवा लागला की घरी जायचा. सकाळी गाडी भरलेली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, तळवड्याच्या गर्दीत उभी राहिली तरी काही जळत नाही. तो टपरीवर आपणहून सांगायचा, महाग आहे पण पैसे वसूल करणारी गाडी आहे राव. पेट्रोलपंपावरचा पोरगा तर त्याला विसरून जायच्या बेतात होता.

तेवढ्यात साहेबांच्या घरचं लाइटबिल आलं. गाडी चार्ज झाल्यावर बिल वाढणारच, त्यात नवल ते काय. पण साहेबांच्या बायकोनं, इंदुताईंनी, घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब गाडीत बसले आणि रावेतच्या पुलावर मागून म्हणाले,

"धम्मपाल, आजपासून पिन लावू नको. लाइट माझ्या खिशातून जाते. पेट्रोल कंपनीच्या खात्यावर आहे."

धम्मपालला हसूच आलं. त्यानं सुचवलंही की साहेब, मग कंपनीतच एक पॉइंट बसवून घ्या, दिवसभर गाडी तिथंच उभी असते. साहेब म्हणाले, नको, सयाजीला सांगावं लागेल, तो म्हणेल गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, आता वीजही कंपनीचीच का. राहू दे, गाडी पळतेय ना? गाडी पळत होतीच. केबल गुंडाळून पिशवीत गेली, पिशवी डिकीत गेली. आणि त्या दिवसापासून ती अवजड बॅटरी, जिचे एवढे पैसे मोजले होते, ती नुसती बसून राहिली आणि पेट्रोलचं इंजिन तिला रोज पाठीवर घेऊन चाकणला नेऊ-आणू लागलं. जुन्या गाडीपेक्षा ही जास्त पेट्रोल पिऊ लागली. धम्मपाल टाकी भरत राहिला, पावतीवर सही करत राहिला. मालकानं सांगितलंय, मालकाचा पैसा आहे, आपल्याला काय करायचंय? इथं तो चुकला, असं आम्रपाली आजही म्हणते. असल्या गोष्टी चार लोकांत बोलून ठेवायच्या असतात.

काही महिने असे गेले आणि धाकट्या साहेबांच्या लक्षात आलं की गाडी नवी आली आणि पेट्रोल उतरायचं सोडून चढलं. त्यांनी भावाला गाठलं. आता इथं एक वाक्य पुरेसं होतं. अरे, घरचं बिल वाढलं म्हणून मी चार्जिंग बंद केलं, एवढंच. सयाजीराव हसले असते, चार दिवस टोमणे मारले असते, संपलं असतं. पण नाही. "बघू" म्हणणाऱ्या भावापुढे मान खाली कशी घालायची? थोरले साहेब म्हणाले, गाडीत काही खोट नाही, पण चालवणारे कसे असतात ते तुला माहीतच आहे.

बघा, नाव घेतलं नाही. चोर म्हटलं नाही. नुसतं वाक्य सोडून दिलं आणि ते कुणाच्या अंगावर पडेल ते पडो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मपालनं गाडी गेटपाशी आणली तर सयाजीराव बाहेर उभे. रात्रपाळीचे लोक सुटत होते, सकाळचे आत जात होते, टपरीवर ड्रायव्हरांचा अड्डा भरलेला. धाकटे साहेब तोंडाचे फाटके, पोटात काही ठेवायची सवय नाही. त्यांनी तिथंच आवाज चढवला. एवढी महागाची गाडी, आणि जुन्या डब्यापेक्षा जास्त पेट्रोल? जातं कुठं ते, पेट्रोलचोरा? डिकी उघड. धम्मपालनं डिकी उघडली. वॉचमननं वाकून कॅन शोधला, पाइप शोधला. मिळाली फक्त केबलची पिशवी, तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मग वॉचमन, बिचारा हुकमाचा ताबेदार, धम्मपालची डब्याची पिशवी चाचपू लागला, आणि तिथून त्याचा हात धम्मपालच्या खिशाकडे आला.

धम्मपालनं हात झटकला. तो म्हणाला की साहेबांनीच पिन लावू नको म्हणून सांगितलंय, घरचं बिल वाढलं म्हणून, मागे बसलेत, विचारा त्यांना. सयाजीराव काचेपाशी वाकले. काच खाली आली.

"दादा, हा म्हणतोय ते खरं का?"

यशवंतरावांनी मोबाइलवरून नजर उचलली नाही.

"मी असं कशाला सांगेन? चार्ज करायलाच तर घेतली ना गाडी?"

काच वर गेली. एवढी वर्षं ज्या माणसाच्या आईला खांद्यावरून जिना चढवला, त्यानं दोन वाक्यांत माणसाला मोडीत काढलं. धम्मपालच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं चावी वॉचमनच्या हातात दिली नाही, फेकली, आणि चालत निघाला. मागून कुणीतरी म्हणालं, आपल्याला शिकवत होता, हा तर आपला बाप निघाला. टपरीवर हशा पिकला. तो हशा ऐकत तो महाळुंग्याच्या फाट्यापर्यंत पायी गेला.

आम्रपाली चाकणलाच गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइनवर आहे. तिथं बातमी तिच्या आधी पोचली होती. बसमध्ये शेजारची बाई मोठ्या प्रेमानं म्हणाली, पेट्रोलचं झालं म्हणे काही तुझ्या मालकांचं, होतं गं असं, माणूस मोहात पडतो. आम्रपालीनं तिला तिथंच फैलावर घेतलं आणि घरी येऊन नवऱ्याला घेतलं. पोलिसात जा म्हणाली, युनियनकडे जा म्हणाली. ड्रायव्हरची कसली युनियन आणि पोलिसात काय सांगणार, साहेब खोटं बोलले? धोंडीबा आता थकलेत, कोपऱ्यातल्या खाटेवर असतात. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, खिशाला हात लावला का रे? हात आला होता, मी झटकला, धम्मपाल म्हणाला. म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे केलं.

नोकरी शोधायला निघाला तर जिथं जावं तिथं त्याच्या आधी त्याचं नाव जाऊन बसलेलं. ड्रायव्हरला कागद विचारत नाही कुणी, फोन करून विचारतात. शेवटी हिंजवडीच्या आयटीवाल्यांना ने-आण करणाऱ्या एका ठेकेदारानं घेतलं. त्याच्या सगळ्या गाड्या बॅटरीवरच्या. घेताना तो दात काढून म्हणाला, तुझ्याबद्दल ऐकलंय, पण आमच्याकडं पेट्रोलच नाही, चोरशील काय? धम्मपालनं तेही गिळलं. घरात पीठ लागतंच. पण त्या दिवशी त्यानं टीव्हीशी भांडणसुद्धा केलं नाही, आणि आम्रपालीला त्याचीच धास्ती वाटली.

पुढे एका गुरुवारी, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, चिखलीच्या घराच्या दारात एक पन्नाशी उलटलेला माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला. नाव दत्तोबा, परळीकडचा. धम्मपालच्या जागेवर आलेला नवा ड्रायव्हर. आत येईना, पाणी घेईना. चपलेकडे बघत म्हणाला,

"राग येऊ देऊ नका, पण खरं सांगा. तुमी काढीत होता का पेट्रोल? कारण मी तर थेंब काढत न्हाई, आन् तरी तेवढंच जातंय बगा."

मग सगळं बाहेर आलं. गाडीला पिन लावायची असते, हे दत्तोबाला कुणी सांगितलंच नव्हतं. धाकट्या साहेबांनी पुन्हा थोरल्यांना विचारलं होतं. एक ड्रायव्हर काढला तरी पेट्रोल तेवढंच, हे कसं? आणि थोरले साहेब म्हणाले होते, सगळे असलेच रे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. काल गेटवर दत्तोबाचीही पिशवी उघडली. तो सांगता सांगता रडायला लागला. मुलगी बाळंतपणाला आलीय म्हणाला, जावयाच्या कानावर गेलं तर?

आतापर्यंत धम्मपाल स्वतःच्या अपमानावर धुमसत होता. आता मात्र त्याचं डोकंच फिरलं. म्हणजे हा माणूस चाकणमधला एकूणएक ड्रायव्हर चोर ठरवील, पण पिन मी काढायला लावली एवढे चार शब्द भावापुढे बोलणार नाही. त्यानं शर्ट बदलला. आम्रपाली म्हणाली, मीही येते. तो म्हणाला, तू नको, तू आलीस तर मारामारी होईल. दत्तोबाला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट ताथवडे गाठलं. दर गुरुवारी दोघे भाऊ थोरल्यांकडे जेवायला एकत्र असतात, हे एवढ्या वर्षांच्या ड्रायव्हरला माहीत नसणार तर कुणाला?

त्या घरात धम्मपाल कधी हॉलपर्यंत गेलाच नव्हता. त्याचा चहा खाली पार्किंगमध्ये यायचा, स्टीलच्या पेल्यात, आणि तो पेला वेगळा ठेवलेला असायचा. आज दार सयाजीरावांनी उघडलं म्हणून दोघे आत आले. थोरले साहेब सोफ्यावर बडीशेप चघळत होते. धम्मपालला बघून त्यांचं तोंड थांबलं.

त्यानं आवाज चढवला नाही. स्टिअरिंगवर असल्यासारखा गार बोलला. म्हणाला, मला नोकरी नको. या माणसाचीही पिशवी उघडली म्हणून आलोय. रावेतच्या पुलावर तुम्ही मला काय सांगितलं, तेवढं धाकट्या साहेबांना सांगा, आम्ही निघालो. यशवंतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. काय पूल, कसला पूल, मला काही आठवत नाही, घरात घुसून हा काय तमाशा आहे. सयाजीराव म्हणाले, दादा, पण दोन ड्रायव्हर सारखंच पेट्रोल कसं चोरतील? तर थोरले म्हणाले, असेल, हिच्याकडून राहिलं असेल बघायचं, संध्याकाळी गाडी चार्ज होते का नाही ते घरातल्यांनी बघायला नको?

इंदुताई आतून कपबशा घेऊन येत होत्या. त्यांना धम्मपालशी काही देणंघेणं नव्हतं आणि दत्तोबाशी तर नव्हतंच. पण दोष आपल्यावर येतोय म्हटल्यावर त्या कशाला गप्प बसतील? ट्रे टीपॉयवर आपटून त्या म्हणाल्या,

"माझं नाव कशाला घेता? बिल वाढलं म्हणून तुम्हीच पिन काढायला लावलीत. मला म्हणालात, पेट्रोलचं काय, ते सयाजीच्या खात्यावर."

आणि सयाजीराव हसायला लागले. साधंसुधं नाही, पोट धरून. दादा, तू पण ना! साठ लाखांची गाडी घेतली आणि लाइटबिलाला भ्यालास? थोरल्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग तेही ओशाळवाणं हसले. इंदुताईही हसल्या. घरातली गंमत झाली. भोसरीच्या शेडपासूनचा चिक्कूपणा निघाला, कुठल्याशा जुन्या पंख्याची गोष्ट निघाली. धाकटे साहेब डोळे पुसत म्हणाले, धम्मपाल, बस रे, चहा घे. गैरसमज झाला. उद्यापासून ये कामावर.

कपबशी पुढे आली. त्यांच्या हातातल्यासारखीच, फुलाफुलांची. दत्तोबानं कप घ्यायला हात पुढे केला होता, तो धम्मपालकडे बघून मागे घेतला.

हसताहेत. माझ्या बापानं भिंतीकडे तोंड केलं, आणि हे हसताहेत. धम्मपालच्या अंगाची लाही लाही झाली, पण पाय हलले नाहीत.

"धाकटे साहेब, चोर म्हणालात ते गेटवर. मी चोर नाही ते सोफ्यावर सांगू नका. गेटवर सांगा. आणि तुम्ही नाही, ज्यांनी काच वर केली त्यांनी."

हसू हळूहळू विरलं. थोरले म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी मी गेटवर उभा राहू? कामगारांसमोर? माझी काय इज्जत राहील? धम्मपाल म्हणाला, तुम्ही आला नाहीत तर मी येईन. रोज शिफ्टच्या वेळेला येईन आणि लाइटबिलाची गोष्ट मीच सांगेन, आता तर साक्षीला बाईसाहेब आहेत. सयाजीरावांनी कप खाली ठेवला. कसेही असले तरी ते शब्द त्यांच्याच तोंडून गेले होते, आणि ते आता त्यांना टोचू लागले असावेत. ते भावाला म्हणाले, दादा, उद्या सकाळी ये. मी थांबतो गेटवर.

सकाळी धम्मपाल आधीच जाऊन टपरीपाशी उभा राहिला. कुणी त्याच्याशी बोललं नाही. फक्त सोजरबाईनं, महाळुंग्याची जुनी बाई, जमीन गेली आणि टपरी राहिली, तिनं न मागता चहा पुढे केला. रात्रपाळी सुटली, सकाळची पाळी आत निघाली, आणि ती गाडी आली. दत्तोबा चालवत होता. गेटच्या तोंडाशी थांबली. मागची काच चार बोटं खाली आली आणि आतून आवाज आला, धम्मपाल, झालं गेलं, ये, बस गाडीत, आत जाऊन बोलू.

"खाली उतरा, साहेब. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला."

सयाजीरावांनी वॉचमनला ये-जा थांबवायला सांगितलं. माणसं घोळक्यानं उभी राहिली. यशवंतराव उतरले. घसा खाकरला, घड्याळ बघितलं, आणि म्हणाले की धम्मपालनं पेट्रोल चोरलं नव्हतं. गाडी चार्ज केलेली नव्हती. पिन लावू नको, असं मीच सांगितलं होतं.

कुणाला काही समजेना. मग चुलीमागून सोजरबाईनं विचारलं, अगदी साधेपणानं, "आन् मग येवढ्या पैशाची गाडी घेतली कशापायी?"

सगळं गेट हसलं. ज्या हशाच्या भीतीनं साहेबांनी दोन माणसांच्या तोंडाला काळं फासलं होतं, तो हशा शेवटी आलाच. ते वळून गाडीचं दार उघडू लागले. धम्मपाल आडवा आला.

"यांचं राहिलं. यांचं नाव घ्या."

साहेबांनी दत्तोबाकडे बघितलं. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. रोज त्यांना घेऊन जाणाऱ्या माणसाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ते सयाजीरावांकडे बघू लागले, पण धाकटे साहेब काही मदतीला आले नाहीत. तेव्हा दत्तोबानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, टोपी नीट केली आणि स्वतःच सांगितलं.

"दत्तोबा ज्ञानोबा गित्ते."

"दत्तोबा ज्ञानोबा गित्ते," साहेब म्हणाले, "यांनीही पेट्रोल चोरलेलं नाही."

मग ते गाडीत जाऊन बसले. धम्मपालनं स्कूटर सुरू केली; त्याला हिंजवडीची ड्यूटी होती आणि चिखलीला जाऊन आधी म्हाताऱ्याला सांगायचं होतं. इकडे टपरीवर सोजरबाईनं दत्तोबाच्या हातात चहा दिला. तो फुंकून फुंकून, सावकाश पीत होता. मागे ट्रकवाल्यांनी हॉर्न लावले. मागच्या सीटवरून साहेब दोनदा बाहेर डोकावले आणि पुन्हा आत झाले. ड्रायव्हरचा चहा व्हायचा होता.